कार्गो एअरलाइनमध्ये 'निवड झाली', पण जॉइनिंग कधी? सीनिऑरिटीचं गणित कुणी समजावेल का?

वसंतविहारची_मावशी

नमस्कार मंडळी. विषय घरातला आहे, पण इथे विमान क्षेत्रातली दोन-चार जाणती मंडळी आहेत म्हणून धागा काढतेय.

माझा भाचा नेरुळला असतो. बारावीनंतर फ्लाइंगला गेला. आधी बारामती, मग उड्डाणाचे उरलेले तास परदेशात. डीजीसीएचे (सरकारी विमान खात्याचे) पेपर, आरटीआर (रेडिओचा परवाना), सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) सगळं झालं. मग बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवण्याची पात्रता) केलं. बहिणीने आणि भावजींनी राहता फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलंय, तेव्हा घरातली हवा कशी असेल ते वेगळं सांगायला नको.

एका मालवाहू विमान कंपनीची जाहिरात आली. लेखी, सिम्युलेटर, मुलाखत सगळं पार पडलं. 'आपली निवड झाली आहे, रुजू होण्याची तारीख कळवण्यात येईल' असं मेलही आलं. (कंपनीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.) त्याला आता बरेच महिने झाले. एकदा बॅच ठरली, कागदपत्रं मागवली आणि पुढे ढकलली. पुन्हा ठरली, पुन्हा ढकलली. फोन केला की एचआरची मुलगी गोड बोलते आणि काहीच सांगत नाही.

परवा कळलं, की याच्या मागाहून मुलाखत दिलेल्या दोघांना आधी बोलावलं, कारण त्यांच्याकडे ७३७ चे प्रत्यक्ष तास होते. भाचा तेव्हापासून तोंड पाडून बसलाय. म्हणतो, "मावशी, ते दोघं आता जन्मभर मला सीनियर राहणार." मला हे काही केल्या पटेना. दोन-चार महिन्यांनी असं काय आभाळ कोसळतं?

दुसरीकडे एका प्रवासी कंपनीने एअरबससाठी अर्ज मागवलेत. तिथे गेला तर नवं टाइप रेटिंग, नवा खर्च, वर बाँड (काही वर्षं नोकरी न सोडण्याचा करार). वाट बघावी की जावं?

नीलमोहर

वाचतेय. माझ्या दिराच्या मुलाचंही हेच चाललंय.

कमांडर_खारघर

ताई, भाचा अतिशयोक्ती करत नाहीये. मी निवृत्त आहे, प्रवासी आणि मालवाहू दोन्ही विमानं उडवली. जरा सविस्तर लिहितो.

वैमानिकाची सीनिऑरिटी म्हणजे कंपनीच्या यादीतला क्रमांक. तो बहुतेक ठिकाणी रुजू झाल्याच्या तारखेवरून ठरतो. तुम्ही परीक्षेत पहिले आलात की मुलाखत आधी दिलीत, याला यादीत किंमत नसते. एकाच बॅचमध्ये दहा जण असतील तर आपसातला क्रम काही ठिकाणी ग्राउंड स्कूलच्या गुणांवरून लावतात, काही ठिकाणी वयावरून. पण आधीची बॅच ती आधीची. आणि निवड होऊन वाट बघणाऱ्याला तर क्रमांकच नसतो. तोवर त्याच्याकडे फक्त एक मेल असतं.

आता 'दोन-चार महिन्यांनी काय बिघडतं' ते सांगतो. समजा छोटी कंपनी आहे, साठ वैमानिक आहेत. कमांडची, म्हणजे कॅप्टनपदाची, जागा केव्हा निघते? कोणी कॅप्टन निवृत्त झाला, सोडून गेला किंवा नवीन विमान आलं तर. समजा दोन विमानं आली आणि दहा को-पायलटना कॅप्टन करायचं ठरलं. तुम्ही यादीत दहावे असाल तर यंदा कमांडच्या प्रशिक्षणाला जाल. अकरावे असाल तर पुढचं विमान येईपर्यंत उजव्या खुर्चीत, म्हणजे को-पायलटच. ते विमान सहा महिन्यांत येईल, तीन वर्षांत येईल किंवा येणारही नाही. तेवढी वर्षं कॅप्टनचा पगार नाही आणि 'पायलट इन कमांड'चे तास नाहीत. ते तास नाहीत म्हणून बाहेरच्या कंपनीत थेट कॅप्टन म्हणूनही जाता येत नाही. एका क्रमांकाचा फरक असा वाढत जातो.

शिवाय बेस कुठला मिळणार, मोठ्या विमानावर जायची संधी आधी कुणाला, दिवाळीची रजा कुणाला, हेही बऱ्याच ठिकाणी त्याच यादीवरून ठरतं. आपल्याकडे रोस्टर बहुतांशी कंपनीच ठरवते. अमेरिकेत तर महिन्याच्या फेऱ्यासुद्धा सीनिऑरिटीने बोली लावून घेतात.

आगाऊ_कार्टा

म्हणजे डोंबिवलीला चढून खिडकीवर रुमाल टाकणारा सीएसएमटीपर्यंत राजा, आणि ठाण्याला चढणारा कितीही गुणी असला तरी दारात लटकणार. चांगली आहे पद्धत. जो चांगलं उडवतो त्याला आधी कॅप्टन करा ना! आयटीत असं केलं तर कंपनी बंद पडेल.

कमांडर_खारघर

कार्टेसाहेब, आयटीत प्रोग्रॅमरने 'मी हे रिलीज करणार नाही' म्हटलं तर फार तर अप्रेझल बोंबलतं. इथे पहाटे चार वाजता धुकं आहे, विमानात माल भरलाय, ऑपरेशन्सवाले फोनवर फोन करताहेत, आणि कॅप्टनने 'नाही जाणार' म्हणायचं असतं. त्याची बढती त्याच ऑपरेशन्सच्या साहेबाच्या मर्जीवर असेल तर तो किती वेळा 'नाही' म्हणेल? सीनिऑरिटी असली की साहेब नाराज झाला तरी क्रमांक हलत नाही. म्हणून जगभरातल्या वैमानिक संघटना ही यादी जिवापाड जपतात.

आणि नुसत्या क्रमांकावर कॅप्टन होत नाही. एटीपीएल (कॅप्टन व्हायला लागणारा वरचा परवाना) लागतं, त्यासाठी १५०० तास लागतात, कंपनीची स्वतःची अट बहुधा त्याहून जास्त असते. मग सिम्युलेटर, मग लाइन ट्रेनिंग (रोजच्या उड्डाणांवरचं प्रशिक्षण), मग चेक. नापास झालात तर पुढचा जातो. क्रमांकाने फक्त परीक्षेला बसायची पाळी येते.

दोष आहेतच. सर्वांत मोठा दोष असा की हा क्रमांक सोबत नेता येत नाही. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली तेव्हा नोकरीची पंचवीस वर्षं गाठत आलेले कमांडर दुसरीकडे यादीच्या तळाशी जाऊन बसले.

केंटकीकर

मूळचा पाचपाखाडीचा, आता लुईव्हिलला. इथे यूपीएस या कुरियर-मालवाहू कंपनीचं वर्ल्डपोर्ट (मुख्य हब) आहे, त्यामुळे शेजारीपाजारी कार्गो पायलट बरेच. मी स्वतः पायलट नाही, पण गप्पांत अर्धी यादी पाठ झालीय.

ताई, भाच्याला सांगा की तो एकटा नाही. निवड होऊन तारखेची वाट बघत राहणं, इथे त्याला 'पूल'मध्ये असणं म्हणतात. कोविडमध्ये प्रवासी विमानं जमिनीवर होती, माल मात्र तुफान. फेडेक्स, यूपीएस दोघांनी भरपूर भरती केली. २०२२ नंतर माल ओसरला आणि निवड झालेले लोक पूलमध्येच राहिले. मग अमेरिकी टपाल खात्याचं विमानाने न्यायचं मोठं कंत्राट सप्टेंबर २०२४ च्या शेवटी फेडेक्सकडून यूपीएसकडे गेलं. एका सहीने एकीकडचे पायलट जास्त झाले, दुसरीकडे लागू लागले. त्यात पायलटांचं कर्तृत्व शून्य.

फर्लो, म्हणजे काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं, हा प्रकारही आहे. २०१० मध्ये मंदीमुळे यूपीएसने शंभराहून जास्त पायलटांना घरी बसवलं. घरी पाठवताना यादीच्या तळापासून, परत बोलावताना उलट क्रमाने. तेव्हा वरचे दोन नंबर म्हणजे काय हे ज्याला कळलं त्याला कळलं.

४ नोव्हेंबर २०२५ ला इथेच यूपीएसचं एमडी-११ जातीचं मालवाहू विमान उड्डाण करताना कोसळलं. आमच्या भागात अजून लोक त्या संध्याकाळबद्दल हळू आवाजात बोलतात. त्यानंतर एमडी-११ जमिनीवर ठेवली गेली. तुमच्या विषयाशी संबंध असा: एक प्रकारचं विमान थांबलं की त्यावरचे सीनियर पायलट दुसऱ्या विमानावर जातात, तिथल्या ज्युनियरला ढकलतात, तो त्याच्या खालच्याला. ढकलाढकली पार तळाशी पोचते आणि नवी भरती आपोआप थांबते.

सानपाडा_कार्गो

मी फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये (लोकांचा माल पाठवण्याची व्यवस्था करण्याच्या धंद्यात) आहे. पायलटांचं मला कळत नाही, मालाचं कळतं. तुमच्या भाच्याची तारीख का हलते ते मालाकडून बघा.

जगभरात विमानाने जाणाऱ्या मालापैकी जवळपास निम्मा माल प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. तुम्ही वर बसून सँडविच खाता, खाली औषधं, कोळंबी, मोबाइलचे सुटे भाग. वाशीला पणन मंडळाच्या विकिरण केंद्रातून निघणारा अमेरिकेचा हापूस बघा, त्यातला पुष्कळसा पोटातूनच जातो. म्हणजे प्रवासी विमानं वाढली की पोटातली जागा वाढते, भाव पडतो आणि मालवाहू विमानवाल्याच्या पोटात गोळा येतो. २०२० ला बरोबर उलटं झालं. प्रवासी विमानं बंद, आम्ही सीटांवर खोके बांधून पाठवत होतो. भाव असे की पार्टीला सांगताना आपल्यालाच लाज वाटावी.

देशांतर्गत तर ट्रक हा मोठा शत्रू. रस्ते सुधारले, मुंबई-बंगळूर माल ट्रकने ठरल्या वेळी पोचायला लागला की विमानाचं भाडं कोण देणार? उरतं कुरियर आणि ई-कॉमर्स. तेही दिवाळीआधी उसळतं आणि मग गार.

भारतात मालवाहू विमान कंपनी चालवणं म्हणजे खायचं काम नाही. ब्लू डार्टची विमानं १९९६ पासून उडताहेत कारण मागे स्वतःचं कुरियर आहे. पण कॅप्टन गोपीनाथांची डेक्कन ३६० आठवते का? २००९ मध्ये सुरू झाली, नागपूर हब. आम्ही म्हटलं आता महाराष्ट्राचं मेम्फिस (फेडेक्सचं अमेरिकेतलं मुख्य हब) होणार! थोड्याच वर्षांत गाशा गुंडाळला. आता इंडिगोची मालवाहू ए३२१ आली, क्विकजेट २०२३ च्या जानेवारीत ॲमेझॉनचा माल न्यायला लागली. मागे मोठं गिऱ्हाईक कोण आहे ते बघायचं. एकाच गिऱ्हाइकाच्या कंत्राटावर उभी असेल तर ते कंत्राट किती वर्षांचं आहे, एवढं भाच्याला शोधायला सांगा.

रेवदंडेकर

नवी मुंबई विमानतळ आता सुरू झालाय ना, २५ डिसेंबर २०२५ पासून. मग कार्गोला सोन्याचे दिवस नाहीत का येणार? उलवे, पनवेलला जागांचे भाव तर आधीच गगनाला.

सानपाडा_कार्गो

जेएनपीटी शेजारी, एपीएमसी शेजारी, वेअरहाउसं भिवंडीपासून पनवेलपर्यंत, त्यामुळे माल नक्की वाढेल. पण तो आधी प्रवासी विमानांच्या पोटात जाईल, वर लिहिलंय तसं. विमानतळ आला म्हणून मालवाहू पायलटची नोकरी आली असं गणित मांडू नका. ब्रोकरलोकं मांडतात तसं.

रात्रपाळी

मी सध्या मालवाहू विमानावर को-पायलट आहे. कंपनी सांगणार नाही, उगाच कोणी ओळखायचं.

सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण तारीख पुढे जाण्याचं नेहमीचं कारण राहिलं: विमानच आलेलं नसतं. आपल्याकडची मालवाहू विमानं बहुतेक जुनी प्रवासी विमानं असतात. खुर्च्या काढायच्या, पुढच्या बाजूला फ्यूजलाजमध्ये (विमानाच्या धडात) मोठं दार कापायचं, फ्लोअर मजबूत करायचा, त्यावर रोलर आणि कुलपं बसवायची, खिडक्या बुजवायच्या. हे काम, म्हणजे कन्व्हर्जन, परदेशात रांगेत होतं. रांग लांबते. मग लीजचे कागद, आयातीची परवानगी, डीजीसीएची तपासणी. ते विमान कंपनीच्या परवान्यावर चढेपर्यंत पायलट नुसता बसून पगार खाणार. म्हणून एचआर बॅच ढकलतं. त्या गोड बोलणाऱ्या मुलीलाही तारीख माहीत नसते हो, तिच्यावर राग काढू नका.

एका विमानाला साधारण चार-पाच जोड्या पायलट लागतात. पाच विमानांच्या कंपनीत एक विमान लांबलं तर आठ-दहा जणांची भरती अडकते. शंभर विमानांच्या कंपनीत एक लांबलं तर कुणाला पत्ताही लागत नाही. कार्गोची भरती बेभरवशाची वाटते ती कंपन्या लहान असल्याने.

आणि तास असलेल्यांना आधी का बोलावलं? त्यांना कमी प्रशिक्षण लागतं. नव्याला लाइनवर ट्रेनिंग कॅप्टनबरोबर बरीच सेक्टर्स (एका विमानतळावरून दुसऱ्यापर्यंतच्या फेऱ्या) उडावी लागतात. ट्रेनिंग कॅप्टन मोजकेच, ते रोजच्या उड्डाणांतूनच काढावे लागतात. विमान दारात आलं आणि पायलट कमी असतील तर कंपनी तयार माणूस आधी उचलणारच. भाच्याला टोचणं साहजिक आहे, पण त्यात कपट नाही.

ऐरोलीची_वहिनी

पायलट नाही, कार्गो पायलटची बायको आहे. कुणी विचारलं नाही तरी सांगते.

नवरा रात्री साडेनऊला युनिफॉर्म घालून निघतो, सकाळी आठला येतो. बेडरूमला काळे जाड पडदे, दाराची बेल काढून टाकलीय, कुरियरवाल्याला 'फोन करा' अशी चिठ्ठी. आणि दुपारी दोन वाजता वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू होतं. सोसायटीच्या नियमात दोन ते चार शांतता आहे, पण सेक्रेटरी म्हणतात, 'दिवसा कोण झोपतं वहिनी?' शेजारच्या आजींना दोन वर्षं वाटत होतं की हे कॉल सेंटरला आहेत. मीही खुलासा केला नाही.

पण सांगू का, त्याला आवडतं. म्हणतो, खोकी उशीर झाला म्हणून भांडत नाहीत, उतरताना 'लँडिंग जोरात झालं' म्हणून व्हिडिओ टाकत नाहीत. फेऱ्या बऱ्याचशा ठरलेल्या, त्यामुळे पुढच्या आठवड्याचा अंदाज येतो. भाच्याला एवढंच विचारा, झोप चांगली आहे का? ज्याला दिवसा झोप येत नाही त्याने सीनिऑरिटीचा विचारच करू नये.

केंटकीकर

वहिनींना +१. झोपेवरून आठवलं. इथे पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले, पण फक्त प्रवासी विमानांना. मालवाहू कंपन्यांना वगळलं. त्याच्या आधी काही महिने, ऑगस्ट २०१३ मध्ये, यूपीएसचं विमान बर्मिंगहॅमला पहाटे उतरताना पडलं, दोन्ही पायलट गेले. चौकशीत थकव्याचा उल्लेख आला. तरी वगळलेलं ते वगळलेलंच.

आगाऊ_कार्टा

एवढं सगळं वाचून प्रश्न: मग मावशींचा भाचा सरळ प्रवासी कंपनीत का जात नाही? तिथे तरी स्थैर्य आहे.

कमांडर_खारघर

स्थैर्य? किंगफिशर २०१२, जेट २०१९, गो फर्स्ट मे २०२३. तिन्ही प्रवासी.

आणि कंपनी टिकली तरी यादी टिकेल असं नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या. दोन याद्या एकमेकींत कशा मिसळायच्या यावर वर्षानुवर्षं भांडण. न्यायमूर्ती धर्माधिकारींची समिती नेमावी लागली. नवी ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानं येणार, त्यांच्या प्रशिक्षणाला आधी कोण जाणार, यावरून २०१२ च्या उन्हाळ्यात ५८ दिवसांचा संप झाला. बाहेरच्यांना वाटलं पगारासाठी भांडताहेत. मुळात भांडण रांगेतल्या जागेचं होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हाही पायलटांच्या गप्पांत पहिला विषय हाच.

तरी कार्टेसाहेबांच्या प्रश्नात तथ्य आहे. मोठ्या कंपनीत यादी लांब असली तरी पुढे सरकते, कारण विमानं येत राहतात. लहान मालवाहू कंपनीत कधी दोन-तीन वर्षांत कमांड मिळते, कधी दहा वर्षं यादी जागची हलत नाही. नशीब चांगलं असेल तर कार्गोत लवकर कॅप्टन होतो. माझं मत विचाराल तर, आज हातात क्रमांक देणारी कंपनी उद्या देऊ म्हणणाऱ्या कंपनीपेक्षा नेहमी बरी. मेलला सीनिऑरिटी नसते.

हिशोबनीस

सीए आहे, घोडबंदर रोडला राहतो, म्हणजे ट्रॅफिकमध्ये वाचायला भरपूर वेळ. पैशाची बाजू कोणी लिहिली नाही म्हणून.

वाट बघणं फुकट नसतं. हप्ता चालू आहेच. शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंग (आयआर, बाहेर दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची पात्रता) दरवर्षी, मेडिकल दरवर्षी. विमान उडवत नसाल तर रेटिंग जिवंत ठेवायला सिम्युलेटरचे तास स्वखर्चाने विकत घ्या. एका क्लायंटच्या मुलाने हे लांबणीवर टाकलं आणि बोलावणं आलं तेव्हा कागद अपुरे म्हणून बॅच हुकली. दुसऱ्या बाजूला नवं टाइप रेटिंग म्हणजे सरळ पंधरा-वीस लाखांचा विषय. बँकेकडे आधी हप्ता पुनर्रचनेचं बोला, मगच उडी मारा.

आणि एकदा रुजू झालं की बाहेर पडणंही सोपं नाही. २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष नोटीस. म्हणून 'तूर्त इकडे, तारीख आली की तिकडे' हा बेत असेल तर तो आधीच खोडून टाका. बाँडचा कागद एखाद्या वकिलाला दाखवा. पायलट तो कधीच नीट वाचत नाहीत. (कमांडरसाहेब, दिवे घ्या.)

कमांडर_खारघर

घेतले. मीही वाचला नव्हता.

वसंतविहारची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. भाच्याला अख्खा धागा वाचायला दिला. वहिनींचं ड्रिल वाचून आठवड्यात पहिल्यांदा हसला.

रविवारी बहीण-भावजी इकडे आले होते, मोठी बैठक झाली. कमांडरसाहेब, सानपाडा_कार्गो आणि रात्रपाळी यांनी लिहिलं त्यावरून त्याने कंपनीला नीट मेल लिहिलं. क्रमांक निवडीच्या क्रमाने देणार की रुजू तारखेने, तास असलेल्यांना वेगळ्या यादीत धरणार का, विमान आलंय की अजून बाहेरच आहे, गिऱ्हाइकाचं कंत्राट किती वर्षांचं आहे. उत्तर आलं! क्रमांक रुजू तारखेने, यादी एकच, आणि विमान अजून कन्व्हर्जनला आहे. कंत्राटाबद्दल मात्र अवाक्षर नाही.

भावजींचा कल अजून कार्गोकडेच, 'निवड झालीय तर सोडायची कशाला' म्हणून. बहीण म्हणते एअरबसचा अर्ज भर. भाच्याने अर्ज भरलाय, पण कार्गोला नकार कळवलेला नाही. यात काही गैर नाही ना?

रात्रपाळी

काही गैर नाही, सगळे हेच करतात. कंपनीही दहा जागांसाठी पंधरा जणांना 'निवड झाली' सांगून ठेवते. फक्त एअरबसकडून बोलावणं येईपर्यंत ७३७ चं आयआर संपू देऊ नका. नूतनीकरणाची तारीख कधी आहे? सिम्युलेटरचे स्लॉट आयत्या वेळी मिळत नाहीत, आत्ताच बुक करा.

वसंतविहारची_मावशी

विचारते त्याला. त्याच्या चेहऱ्यावरून वाटतंय त्याने ती तारीख बघितलेलीच नाही.

हिशोबनीस

:)